काढला तरी परत येणारा व्हायरस: नवख्या माणसानं सुरवात कुठून करायची

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत कॉम्प्युटर रिपेरी. लग्नसराईत पत्रिका, एरवी शेताचे उतारे, स्कॉलरशिपचे फॉर्म, बायोडाटा, आणि ह्या सगळ्यासाठी दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरात शिरत असतात. वडगावचा, अनगोळचा, येळ्ळूरचा, कधी खानापुरातनं आलेला. त्यामुळं सध्या गावात कुठला व्हायरस फिरतोय हे मला पेपरवाल्यांच्या आधी कळतं म्हटलं तरी चालेल.

रिपेरीला येणारी गिऱ्हाइकं एकच वाक्य बोलतात, "दादा, परवाच काढून घेतला होता, परत आलाय की." म्हणून हे लिहितोय. व्हायरस काढणं तेवढं अवघड नाही, फुकटची टूल्स आहेत, तासा-दोन तासाचं काम. पण तो परत येतोय कुठनं हे शोधल्याशिवाय काढण्याला काय अर्थ नाही, आणि तेच कोण करत नाही.

आधी व्हायरसच आहे का ते बघा

माझ्याकडं "व्हायरस आलाय" म्हणून येणाऱ्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नसतोच. जुनी हार्ड डिस्क असते, टास्क मॅनेजर उघडला की डिस्क शंभर टक्के दाखवते, बस्स. एसएसडी (नवीन प्रकारची वेगवान डिस्क) घालून घ्या, कॉम्प्युटर पळायला लागेल.

दुसरा प्रकार म्हणजे कोपऱ्यात टुणकन उडी मारून येणारी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस आहेत" अशी पाटी. ही बहुतेक वेळा ब्राउझरची नोटिफिकेशन असते, कधी तर कुठल्या तर सिनेमाच्या साइटवर 'अलाव' दाबलेलं असतं त्याचं फळ. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि ओळखीची नसलेली साइट दिसली की रिमूव्ह. दोन मिनिटांचं काम आहे, ह्याचे कोणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका. आणि त्या पाटीवरच्या फोन नंबरला तर चुकूनही फोन लावायचा नाही, पलीकडं बसलेला माणूस तुम्हाला एनीडेस्क (लांबनं तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप) घालायला लावतो आणि तिथनं पुढं तुमचं बँक खातं त्याचं.

खऱ्या व्हायरसची लक्षणं वेगळी. डिफेंडर, म्हणजे विंडोजमधलाच मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस, उघडतच नाही, किंवा उघडून आपोआप बंद होतो. तुम्ही काय करत नसताना पंखा घुं-घुं करत फिरतोय. ब्राउझरचं पहिलं पान बदललंय आणि परत बदललं तरी दुसऱ्या दिवशी तेच. पेनड्राइव्हमधल्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत. किंवा तुमच्या अकाउंटवरनं मित्रांना तुम्ही न पाठवलेले मेसेज जातायत.

आणि एक लक्षण एकदम वेगळं: सगळ्या फोटो आणि फाइलींच्या नावामागं विचित्र शेपूट लागलंय, एकही उघडत नाही, आणि पैसे मागणारी चिठ्ठी ठेवलीय. हे रॅन्समवेअर. ह्याला खालच्या पायऱ्या पुरत नाहीत. तिथं फॉरमॅट मारू नका, पैसे पण देऊ नका, त्या बिघडलेल्या फाइलींची आणि चिठ्ठीची कॉपी बाहेर काढून ठेवा आणि 'नो मोअर रॅन्सम' ह्या साइटवर बघा. 2016 मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून सुरू केलेली आहे, काही जातींच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. आज नाही मिळाली तर उद्या मिळू शकते, म्हणून फाइली टाकून द्यायच्या नाहीत.

नेट बंद, मग बाकीचं

संशय आला की पहिलं वाय-फाय बंद, लॅनची वायर उपटायची. ह्या कॉम्प्युटरवरनं बँक, फोनपे, मेल काय उघडायचं नाही. पासवर्ड बदलायचे असतील तर मोबाइलवरनं बदला, कारण ह्या कॉम्प्युटरवर बदललेला नवीन पासवर्ड पण चोराला लगेच कळणार. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही हे पण लक्षात ठेवा, आजकालचे चोर ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेतात, म्हणून जीमेल-फेसबुकमध्ये जाऊन 'सगळ्या डिव्हाइसमधनं लॉग आउट' पण करायचं.

पैसे गेलेले असतील तर व्हायरसचं नंतर बघू, आधी 1930 ला फोन करा. लवकर केला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता असते. नंतर सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) पोलीस ठाण्यात लेखी तक्रार.

मग डेटा. फोटो, वर्ड-एक्सेल, कोरलच्या फाइली, टॅलीचा डेटा एवढंच बाहेरच्या डिस्कवर घ्या. '.एक्सई' असलेलं, सेटअप, क्रॅक (पैशाचं सॉफ्टवेअर चोरून फुकट चालवायची फाइल), गेम काय घेऊ नका, नाहीतर चोराला पण सोबत सामानात बांधून नेल्यासारखं होईल. ती डिस्क सध्या बाजूला ठेवायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची नाही.

डिफेंडरला कोणी बांधून ठेवलंय का बघा

ही पायरी मी मुद्दाम आधी घेतोय, कारण आपल्याकडं निम्मा घोटाळा इथंच असतो.

आपल्या भागात धंदा करायचा तर मराठी पण पाहिजे आणि कन्नड पण पाहिजे. एका पत्रिकेत नवऱ्याकडची बाजू मराठीत, नवरीकडची कन्नडात, असं माझ्याकडं हमखास येतं. मग लोक काय करतात, कुठनं तर फॉन्टची भलीमोठी झिप उतरवतात, फुकटचं कोरल उतरवतात, फुकटचं फोटोशॉप. आणि त्या क्रॅकसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. आपण बंद करतो! चोरच सांगतोय कुत्रं बांधून ठेवा आणि आपण बांधतोय.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज दाबा आणि एकदम खाली 'एक्सक्लूजन्स' आहे तिथं जा. ही यादी म्हणजे डिफेंडरनं जिथं बघायचंच नाही अशा जागा. घरच्या कॉम्प्युटरवर ती रिकामी असायला पाहिजे. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप आला होता, त्यात अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये. तीन वेळा फुल स्कॅन केलं म्हणे, तीन वेळा काय सापडलं नाही. सापडणार कसं, डोळ्याला पट्टी बांधून शोधतोय तो.

ओळखीचं नसलेलं सगळं रिमूव्ह करा, रिअल टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन दोन्ही चालू करा. चालू होत नसेल आणि 'हे सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो' असं काय तर लिहून येत असेल, तर विचार करा, घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच, मग हा दुसरा कोण? तेव्हा व्हायरसचा मुक्काम नक्की आहे असं समजायचं.

(मराठी-कन्नड टायपिंगसाठी क्रॅकची गरजच नाही खरं तर. विंडोजमध्येच दोन्ही कीबोर्ड आहेत, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन घालायचे. कन्नडसाठी नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर पण फुकट मिळतंय.)

स्कॅन, पण सेफ मोडमधनं

चालू विंडोजमध्ये व्हायरस जागा असतो, स्वतःला वाचवतो, एक फाइल उडवली की दुसरी ती परत बनवते. म्हणून विंडोज कमीत कमी सामानात चालू करायचं, ह्यालाच सेफ मोड म्हणतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, निळा पडदा येईल, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, आणि यादी आली की 4 दाबा. जुन्या विंडोज 7 ला चालू होतानाच एफ8. नवीन लॅपटॉपमध्ये बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या कुलपाची) रिकव्हरी की मागू शकतो, ती मोबाइलवरनं मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून आधीच वहीत लिहून ठेवा, मग घाबरायला नको.

टूल्स दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर उतरवून आणायची. मी हे क्रम वापरतो.

मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पण उतरवल्यापासून 10 दिवसच चालतं, म्हणून मागच्या वर्षीचं ठेवलेलं वापरू नका. फुल स्कॅन लावा आणि चहाला जा, दोन-तीन तास पण घेतं. एक गंमत सांगतो, स्कॅन चालू असताना 'इन्फेक्टेड फाइल्स 12' दाखवतं आणि शेवटी 'काय सापडलं नाही' म्हणतं. लोकांचा गोंधळ उडतो. मधला आकडा नुसता संशयाचा असतो, शेवटचा निकाल तेवढा धरायचा.

नंतर मालवेअरबाइट्स, त्याचं फुकटचं पुरतं. ट्रायल घेऊ का म्हणून विचारेल, नको म्हणा. ब्राउझरमधल्या घाणीसाठी त्यांचंच ॲडक्लीनर. दोन अँटिव्हायरस कायमचे एकत्र घालू नका हं, एका म्यानात दोन तलवारी. एक कायमचा पहारेकरी, बाकीचे बोलावल्यावर येणारे.

आणि शेवटी नॉर्मल विंडोजमध्ये येऊन डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. स्कॅन ऑप्शन्समध्ये एकदम खाली असतंय. कॉम्प्युटर स्वतः रीस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आधीच स्कॅन करतो, साधारण पंधरा मिनिटं. खोल दडून बसलेलं ह्यात सापडतं, कारण व्हायरस अजून झोपलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएस बघून घ्या आणि लॅपटॉप चार्जिंगला लावूनच करा.

आता चिवट भाग

स्कॅन स्वच्छ आलं, रीस्टार्ट केलं, दहा मिनिटांनी परत तेच. म्हणजे फाइल गेली पण तिला बोलावणारा राहिलाय. बोलावणारे कुठं बसतात हे दाखवणारं एक टूल आहे, ऑटोरन्स. सिसइंटर्नल्सचं, मार्क रसिनोविचनं बनवलेलं, 2006 पासून मायक्रोसॉफ्टचं आहे. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'.

पहिल्यांदा उघडलं की शेकडो ओळी बघून माणूस घाबरतो. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये सही (फाइल खरंच त्या कंपनीची आहे ह्याचा डिजिटल शिक्का) तपासायचं दोन्हीवर टिक करा, यादी एकदम आटोक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे फाइलच जागेवर नाही, नुसतं नाव उरलंय. गुलाबी म्हणजे सही नाही किंवा कंपनीचं नाव नाही. गुलाबी म्हणजे व्हायरसच असं नाही, आपल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर पण कधी गुलाबी दिसतं, पण बघायला सुरवात तिथनं करायची.

बघायचं काय तर रस्ता. फाइल कुठनं चालतीय. 'एसव्हीसीहोस्ट' नावाची फाइल सिस्टिम32 फोल्डरमध्ये असेल तर ती विंडोजची, आणि तीच जर तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या 'ॲपडेटा रोमिंग'मधनं चालत असेल तर पोलिसाचा ड्रेस घातलेला चोर. दुसरी जागा 'शेड्यूल्ड टास्क्स'चा टॅब. मी ज्या चिवट केसेस बघितल्या त्यात बहुतेक इथंच सापडलं: 'अपडेट' असं साधंसुधं नाव, दर दहा मिनिटांनी डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा पॉवरशेल (विंडोजमधलेच, लिहिलेले हुकूम चालवणारे प्रोग्राम) चालवतोय, पुढं अक्षरांचा अर्थ न लागणारा गुंता. एक ओळ. अँटिव्हायरस फाइल उडवतोय, ही ओळ दहा मिनिटांनी नवीन उतरवतीय.

लगेच डिलीट करू नका, आधी नुसती टिक काढा आणि रीस्टार्ट. सगळं ठीक चाललं तर मग उडवा. शंका असेल तर ती फाइल व्हायरसटोटलवर टाकून बघा, बरेच अँटिव्हायरस एकदम मत देतात. पण तिथं आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट असलं काय टाकायचं नाही, टाकलेली फाइल दुसऱ्यांना पण मिळू शकते.

जाता जाता नेटवर्क सेटिंगमधला प्रॉक्सी (तुमचं नेट मधल्या दुसऱ्याच कॉम्प्युटरमधनं फिरवणारं सेटिंग) बंद आहे का बघा आणि ब्राउझरमधली एक्स्टेंशन्स उडवा. क्रोमचं सिंक चालू असेल तर घाण एक्स्टेंशन दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं परत येतं, म्हणून दोन्हीकडनं काढायचं.

पेनड्राइव्हचे शॉर्टकट

उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपचे मालक आले होते. ऑफिसचा कॉम्प्युटर दुसऱ्या कोणाकडनं तर दोनदा साफ करून घेतलेला, एकदा फॉरमॅट पण मारलेला. "बघा गा, परत शॉर्टकट व्हायला लागलेत, ड्रॉइंग उघडंना झालंय."

पेनड्राइव्ह घेतला. डबल क्लिक नाही केलं, शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं आणि 'टार्गेट'ची ओळ त्यांना वाचून दाखवली. फोल्डरच्या शॉर्टकटमध्ये फोल्डरचा पत्ता पाहिजे. इथं सुरवातच सीएमडीनं, मग स्टार्ट, मग एका व्हीबीएस फाइलचं (म्हणजे चालणाऱ्या स्क्रिप्टचं) नाव, आणि एकदम शेवटी, लांब कुठं तर, त्यांच्या फोल्डरचं नाव. म्हणजे क्लिक केलं की आधी व्हायरस चालणार, मग तुमचं फोल्डर पण उघडणार. माणसाला वाटतं उघडलं की, काय बिघडलं नाही. 2011 च्या आसपास मायक्रोसॉफ्टनं पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप चालणारं ऑटोरन बंद पाडलं, तेव्हापासून व्हायरसला तुमच्या क्लिकची गरज लागते, म्हणून हा वेश.

फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. कॉम्प्युटर साफ केल्यानंतरच, आधी नाही, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: ए, दोन टी, आर, आय, बी, मग जागा सोडून मायनस एच, जागा, मायनस आर, जागा, मायनस एस, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी, जागा, आणि शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार. अक्षर नीट बघून, ई आहे की जी, सी ड्राइव्हवर हे चालवू नका. एंटर मारा, थोडा वेळ जाईल, आणि फाइली दिसायला लागतील. कधी कधी सगळ्या एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेल्या असतात, त्याला नाव दिसत नाही पण उघडतं. फाइली बाहेर काढा, शॉर्टकट आणि व्हीबीएस उडवा, पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा.

मालकांना विचारलं, हा पेनड्राइव्ह अजून कुठं कुठं लागतो? म्हणाले कुठं नाही, ऑफिसात फक्त. मग थोडं थांबून, "आणि सीएनसी मशीनच्या शेजारी एक जुना कॉम्प्युटर हाय, प्रोग्राम टाकायला, पण त्याला नेट नाही, तेला कुठनं व्हायरस येणार?" तिथंच होता. विंडोज 7, जिचे अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झाले, अँटिव्हायरस नाही, आणि वर्षानुवर्षं सगळ्या शिफ्टचे पेनड्राइव्ह त्यात. ऑफिस साफ करायचं, संध्याकाळी तोच पेनड्राइव्ह मशीनला, सकाळी परत ऑफिसात. नेट नसलेला कॉम्प्युटरच सगळ्यांना व्हायरस वाटत सुटला होता.

तुमच्याकडं पण हाच हिशेब करा, कागदावर. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, पोराचा लॅपटॉप, शेजारचा झेरॉक्सवाला (मी पण!), जे जे ह्या कॉम्प्युटरला लागतं ते सगळं एकाच दिवशी साफ व्हायला पाहिजे. एकजरी राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सी-डॅकचं 'यूएसबी प्रतिरोध' म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ओळखीचे तेवढेच पेनड्राइव्ह चालू द्यायचे असं करता येतं.

कधी थांबायचं

ऑफलाइन स्कॅन करून, ऑटोरन्स बघून, सगळे पेनड्राइव्ह साफ करून पण तिसऱ्यांदा आला तर हट्ट सोडा, फॉरमॅट मारा. तसंच त्या कॉम्प्युटरवर पगाराचे, बँकेचे व्यवहार होत असतील तर मी पहिल्या खेपेलाच फॉरमॅट सुचवतो. एक चिकोडीचे गिऱ्हाइक ऐकतच नव्हते, "आगंगिल्ला री (जमणार नाही हो), सगळं सॉफ्टवेअर परत घालायचं?" म्हणत होते. एक दिवस जातो हो, पण रोजची धाकधूक जाते.

फॉरमॅट म्हणजे नुसता सी ड्राइव्ह नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं मीडिया क्रिएशन टूल घेऊन 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा, त्यावरनं बूट करा, आणि विंडोजच्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन उडवून नव्यानं घाला. डी ड्राइव्हमधला डेटा आधी बाहेर काढलाय ना, हे तीनदा बघा, ह्या पायरीला लोक रडलेत. कंपनीचं खरं विंडोज असेल तर नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. नसेल तर कोणाकडनं ॲक्टिव्हेटर मागून घेऊ नका, नाहीतर पहिल्या पायरीपासून परत वाचायला लागेल. आणि विंडोज 10 चे नेहमीचे फुकट अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेत, कॉम्प्युटरवर 11 चालत असेल तर आताच घाला.

मग सगळे अपडेट, मग बाजूला ठेवलेली डिस्क लावून फुल स्कॅन, मगच डेटा परत. रोजच्या कामाला साधं स्टँडर्ड अकाउंट बनवा, ॲडमिन वेगळं ठेवा. आणि ऑटोरन्समध्ये आजची यादी सेव्ह करून ठेवा, आठ दिवसांनी परत उघडून 'कंपेअर' करा, मधल्या काळात जे नवीन घुसलं असेल ते हिरव्या रंगात दिसेल.

उद्यमबागवाल्यांनी आता मशीनच्या पेनड्राइव्हला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलाय. लाल ऑफिसात लावायचा नाही. ड्रॉइंग एकाच दिशेनं जातं, ऑफिसातनं मशीनकडं, आणि परत येताना तो पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट होतो.